‘पित्त झालंय’ला कुठली टिक? चिनी वैद्यकाचं पॅटर्न-सॉफ्टवेअर पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

गेल्या मे महिन्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात एक काकू आल्या. आल्या होत्या गुडघ्यासाठी, पण नवं सॉफ्टवेअर घेतल्याच्या उत्साहात मी त्यांच्याकडून सगळा फॉर्म भरून घेतला. झोपेत घाम येतो? हो. तळपायाची आग होते? हो. घशाला कोरड पडते? हो. कंबर? तीही धरते. स्क्रीनवर लगेच निकाल आला: मूत्रपिंडाचं यिन (शरीराला गार आणि ओलं ठेवणारी बाजू) कमी, ८७ टक्के. मी सुयांचं पाकीट फोडलं आणि सहज विचारलं, “काकू, रात्री पंखा असतो ना?”

“असतो की. पण तो नातवाकडे वळवलेला. त्याला फार उकडतं.”

मे महिन्यात, ठाण्यात, बंद खोलीत आणि वाऱ्याविना झोपलं तर कुणाचंही यिन कमीच निघेल. सॉफ्टवेअरचं काही चुकलं नव्हतं, टिक चुकली होती आणि ती मी लावली होती. त्यानंतर मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. अॅक्युपंक्चरचा कोर्स नुकताच संपवून कॉम्प्युटरच्या मदतीनं पॅटर्न शोधायला बसलेल्यांसाठी हे आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं अॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती मानलं आहे आणि प्रॅक्टिससाठी राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्यांनी हे हौसेनं वाचायला हरकत नाही, सुया मात्र हातात घेऊ नयेत.

यंत्राच्या पोटात काय असतं

चिनी वैद्यकात रोगाच्या नावाइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व लक्षणांच्या जुळणीला आहे. या जुळणीला आपण वर्गात ‘पॅटर्न’ म्हणतो आणि पॅटर्न ओळखण्याला चिनी शब्द आहे ‘बिएन झेंग’. डोकेदुखी एकच, पण एकाची यकृताचं यांग (यिनच्या उलट, ऊब देणारी बाजू) वर चढल्यामुळे, दुसऱ्याची रक्त कमी पडल्यामुळे, तिसऱ्याची बाहेरून वारा-थंडी लागल्यामुळे. म्हणून तिघांचे सुया टोचायचे बिंदू वेगळे. मुळाशी आठ तत्त्वांची चौकट आहे: यिन-यांग, आतलं-बाहेरचं, थंड-उष्ण, कमतरता-अतिरेक. त्यावर अवयवांचे पॅटर्न उभे राहतात.

‘ची’ म्हणजे शरीरातली हालतीचालती शक्ती, आपल्या ‘प्राणा’ची दूरची बहीण. मराठीत हा शब्द प्रत्ययासारखा वाटतो, ‘प्लीहेची ची कमी’ असं लिहिताना पहिले काही दिवस हसू येतं. मग सवय होते.

हे काम यंत्राला शिकवायचा प्रयत्न जुना आहे. बीजिंगमध्ये यकृतरोगांचे नावाजलेले वैद्य ग्वान योउबो यांची विचारपद्धत १९७९ च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये उतरवली गेली. अमेरिकेत स्टॅनफर्डला ‘मायसिन’ नावाचा प्रोग्रॅम जंतुसंसर्गासाठी औषध सुचवू लागला, तोही त्याच दशकातला. दोन्हींचा गाभा एकच होता: ‘हे असेल आणि ते असेल, तर अमुक’ अशा नियमांची लांबलचक माळ. आज बाजारात जे मिळतं त्याच्या पोटात बहुतेक वेळा हेच असतं, फक्त वरचं कव्हर चकचकीत. काहींमध्ये नियमांऐवजी जुन्या केस-पेपरांवरून शिकलेलं गणित असतं. तेव्हा घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: हा निकाल कुठल्या लक्षणांमुळे आला, ते दिसतं का? दिसत नसेल तर शिकाऊ माणसाला ते निरुपयोगी आहे. चूक कुठे झाली हेच कळणार नाही.

गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटबद्दलही हेच. मराठीत ‘पित्त’ लिहिलं की त्याचं उत्तर गुपचूप आयुर्वेदाच्या पित्तदोषाकडे वळतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. अभ्यासाला सोबती म्हणून ठेवा. पेशंटसमोर नको.

पहिली पायरी: सॉफ्टवेअर उघडायच्या आधी

ही पायरी कोणी गाळू नये म्हणून पहिली लिहिते.

दुपारनंतर बारीक ताप, रात्री घाम, गाल लालसर, कोरडा खोकला, वजन उतरलेलं. हे सगळं टाकलंत तर कुठलंही सॉफ्टवेअर आनंदानं ‘फुप्फुस-मूत्रपिंडाचं यिन कमी’ असं सांगेल. पुस्तकाप्रमाणे ते बरोबरही आहे. पण आपल्याकडे हे वर्णन क्षयरोगाचं आहे. खोकला दोन आठवड्यांवर टिकला, मग सोबत यातलं काही असो वा नसो, तर पेशंटला आधी थुंकीच्या तपासणीला पाठवा. सरकारी दवाखान्यात तपासणीही मोफत आणि औषधंही.

दुसरा सापळा ‘गॅस’चा. आपल्याकडे पाठीपासून पोटरीपर्यंत कुठेही दुखलं तरी तो गॅस असतो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं असेल आणि माणूस म्हणत असेल “गॅस आहे, एक सुई मारा”, तर सुई नको, ताबडतोब ईसीजी. शौचातून रक्त, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, अचानक तोंड वाकडं होणं किंवा बोबडी वळणं, कारणाशिवाय घटणारं वजन, ही यादी कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या शेजारी चिकटवा. यातलं एकही असेल तर सॉफ्टवेअर बंदच राहू द्या.

चालू गोळ्याही आधीच लिहून घ्या. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी संथ करतात. सॉफ्टवेअर संथ नाडी म्हणजे ‘थंडी’ समजतं. मधुमेहाची तहान त्याला ‘उष्णता’ वाटते. गोळीनं झालेलं आणि रोगानं झालेलं यात त्याला फरक कळत नाही.

दुसरी पायरी: मराठी तक्रार आणि चिनी चौकोन

अर्धं काम इथेच आहे. सॉफ्टवेअरमधली लक्षणं मुळात चिनी, तिथून इंग्रजीत आलेली. समोरचा पेशंट मराठीत बोलतो. मधला पूल तुम्ही.

‘पित्त झालंय’ घ्या. याचे निदान तीन अर्थ मी रोज ऐकते. एकाच्या छातीत जळजळ आणि करपट ढेकर. दुसऱ्याचं अर्धं डोकं दुखतं आणि उलटी झाली की मोकळं वाटतं. तिसऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. पहिल्यात चिनी हिशेबानं जठराची ची उलटी फिरलेली असू शकते किंवा जठरात उष्णता. दुसऱ्यात यकृताचं यांग किंवा कफ. तिसऱ्यात ‘वारा’, म्हणजे एकदम उठणारं आणि जागा बदलणारं. नवशिका काय करतो? ‘पित्त’ ऐकतो आणि यादीतल्या ‘पित्ताशय’ या शब्दाला टिक लावून मोकळा होतो. मीही केलंय.

‘उष्णता झाली’ म्हटलं की विचारायचं: तोंड आलंय, लघवीला जळजळ आहे, की घोळणा फुटतो? गार पाण्याचा तांब्या रिकामा करावासा वाटतो, की नुसतं घोट घोट ओठ ओले करावेसे वाटतात? दिवसभर, की दुपारनंतरच? तांब्या रिकामा करणारी उष्णता ‘भरलेली’, म्हणजे अतिरेकाची; घोटाघोटाची आणि दुपारची ‘रिकामी’, म्हणजे कमतरतेची. दोघांची दिशा पार वेगळी आहे आणि फॉर्मवर दोन्हींसाठी एकच चौकोन असतो: उष्णता, हो किंवा नाही.

अशक्तपणा सगळ्यांनाच असतो. तो कधी जाणवतो ते विचारा. सकाळी उठताना अंग जड आणि जरा हिंडल्यावर बरं, हा ओलाव्याचा, म्हणजे शरीरात साचलेल्या दमटपणाचा, थकवा. जिना चढला की गळून जाणं, हा ची कमी असल्याचा. दोघेही म्हणतात, “अंगात त्राणच नाही हो.”

दुखण्याच्या बाबतीत मात्र मराठी आपल्याला भरभरून देते. कळ, चमक, ठणका, रग, ओढ, भरून येणं, अवघडणं, यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे आणि चिनी वैद्यही नेमकं हेच विचारतात. एकाच जागी टोचल्यासारखं, रात्री जास्त: रक्त साकळलेलं. फुगल्यासारखं, जागा बदलणारं, चिडचिड झाली की वाढणारं: ची अडकलेली. पावसाळ्यात ओल्या गोणपाटासारखं जड: ओलावा. शेकल्यावर बरं: थंडी. दाबल्यावर बरं वाटलं तर कमतरता, हात लावू देत नसेल तर अतिरेक. पेशंटनं ‘दुखतंय’ म्हटलं की हे शब्द त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला निवडू द्या. फक्त ‘ठणकतंय’वर लगेच विश्वास टाकू नका. खूप दुखतंय एवढंच त्यांना सांगायचं असतं.

आणि घाम. चिनीत या लक्षणाला ‘चोरघाम’ म्हणतात: डोळा लागला की येतो, जाग आली की थांबतो. म्हणून विचारायचं, “जागे झाल्यावर थांबतो का?” आणि हो, पंखा.

यासाठी एक वही करा. डाव्या पानावर पेशंटचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर तुम्ही निवडलेला चौकोन. महिन्याभरानं चाळली की आपण नेमके कुठे घसरतो ते दिसतं. पॅटर्नची नावं एकसारखी ठेवायची असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणाचं २६ वं प्रकरण बघा. २०१९ मध्ये मंजूर झालेलं हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि इंटरनेटवर फुकट चाळता येतं. चीन, जपान, कोरियात वापरले जाणारे पॅटर्न त्यात संकेतांकासह आहेत. नाव यादीत आलं म्हणजे उपचार गुणकारी ठरला असं नाही, हे संघटनेनंच स्पष्ट केलेलं आहे.

तिसरी पायरी: जीभ आणि नाडी

जिभेचा फोटो घेणारी अॅप आता बरीच झाली आहेत. ती काय सांगतात त्यापेक्षा त्यांना काय दाखवलं जातं ते बघा. आपल्याकडे घरोघरी सकाळी जीभ घासतात. थर गेला, अॅप म्हणतं ‘थर नाही’, म्हणजे यिन कमी. पेशंटला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: उद्या जीभ घासू नका. हळदीचं दूध, कॉफी, सुपारी, जूनमधली जांभळं, सगळ्यांचे रंग उतरतात. मामलेदारची तिखट मिसळ खाऊन थेट आलेल्याची जीभ लाल असणारच, त्यात हृदयाच्या अग्नीचा काही दोष नाही.

फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी घ्या. मोबाइलमधला चेहरा उजळवणारा मोड बंद. फ्रेममध्ये कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, म्हणजे रंग किती सरकलाय ते कळतं. जीभ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त बाहेर ठेवायला लावू नका, ती गडद होत जाते.

ठाणे स्टेशनचा पूल चढून, रिक्षाच्या रांगेत भांडून आलेल्या माणसाची नाडी जलदच लागेल. दहा मिनिटं बसवा, पाणी द्या. पुस्तकात अठ्ठावीस प्रकारच्या नाड्या आहेत. सुरुवातीला चारच प्रश्न पुरे: वरवर लागते की खोल, जलद की संथ, जोरदार की क्षीण, आणि सतारीच्या तारेसारखी ताठ आहे का. खात्री नसेल तर रकाना रिकामा ठेवा. अंदाजानं भरलेली नाडी किती गोंधळ करते ते पुढे हिशेबात दिसेलच.

चौथी पायरी: विकतचं नंतर, आधी स्वतःची शीट

माझा आग्रह असा की, पहिले दोन-तीन महिने सॉफ्टवेअर विकत घेऊच नका. गुगल शीटवर स्वतःचं करा. आडव्या ओळींत लक्षणं, उभ्या रकान्यांत पॅटर्न, प्रत्येक चौकटीत वजन. मुख्य लक्षणाला ३, सोबतच्याला २ किंवा १. शेजारी पेशंटचा रकाना: हो असेल तर १, नाही असेल तर ०, विचारलंच नसेल तर रिकामं. ‘समप्रॉडक्ट’ हे फॉर्म्युला दोन रकान्यांचा गुणाकार करून बेरीज देतं. एवढंच. तीस लक्षणं आणि सहा पॅटर्न पुरतात.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक पेशंट घेऊ. घोडबंदर रोडला राहणारा, ऐरोलीच्या आयटी कंपनीत जाणारा, चाळिशीच्या आतला. जेवल्यावर पोट फुगतं, शौचाला पातळ होते, थकवा आहे. मीटिंगच्या आधी पोटात कळ येऊन धावावं लागतं. भूक ठीक, बरगडीखाली ताण नाही. जीभ फिकी, कडेला दातांचे ठसे.

प्लीहेची ची (म्हणजे पचनाची शक्ती) कमी: थकवा २, फुगणं २, पातळ शौच ३, अशी जीभ ३, भूक मंद २, नाडी क्षीण २. एकूण १४. यकृत प्लीहेवर चढलंय: ताणानं वाढणं ३, कळ येऊन शौच २, फुगणं १, पातळ शौच १, बरगडीखाली ताण २, नाडी ताठ ३. एकूण १२. मूत्रपिंडाचं यांग कमी: पहाटे शौचाला लागणं ३, अंगाला थंडी ३, कंबर गार २, पातळ शौच १, थकवा १. एकूण १०.

नाडी अजून बघितलेली नाही. पहाटेची शौच आणि थंडी दोन्ही नाहीत, कंबरही ठीक. प्लीहा १० मिळवते, यकृत ७, मूत्रपिंड २. टक्क्यांत ७१, ५८ आणि २०. प्लीहा स्पष्ट पुढे दिसते, हो ना? पण इथे ‘विचारलं नाही’ला आपण चोरून ‘नाही’ धरलं आहे. न बघितलेली नाडी छेदातून वगळली तर प्लीहेचे १२ पैकी १०, यकृताचे ९ पैकी ७: ८३ आणि ७८. जवळपास बरोबरी. आता नाडी बघितली आणि ती ताठ लागली. यकृत १२ पैकी १०, म्हणजे ८३ टक्के. प्लीहा १४ पैकी १०, पुन्हा ७१. एका बोटाखालच्या स्पर्शानं निकाल फिरला.

विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच काहीतरी चालू असतं, फक्त पडद्याआड. तुमचं सॉफ्टवेअर रिकाम्या रकान्याचं काय करतं ते तपासायला एक साधी चाचणी आहे: तोच पेशंट दोनदा भरा, एकदा नाडी रिकामी ठेवून, एकदा ‘सामान्य’ टाकून. निकाल तोच आला तर त्याला अज्ञान आणि नकार यांतला फरक कळत नाही.

आणखी एक खोड. नुसती बेरीज बघितली तर ज्या पॅटर्नची यादी लांब तो जिंकतो, टक्के बघितले तर आखूड यादीवाला सहज वर जातो. म्हणून दोन्ही बघायचे. ८३ टक्के म्हणजे शंभरातल्या त्र्याऐंशी पेशंटांना हेच असतं असं नव्हे. आपणच ठरवलेल्या वजनांचा तो हिशेब आहे.

पाचवी पायरी: निकाल आल्यावर

वरच्या पेशंटचं खरं उत्तर ‘यकृत की प्लीहा’ नाहीच. प्लीहा आधीपासून कमजोर, त्यावर कामाचा ताण आला की यकृत चढाई करतं. चिनी वैद्य याला मूळ आणि फांदी म्हणतात. सॉफ्टवेअर शर्यत लावतं, त्यात पहिला-दुसरा नंबर असतो. शरीरात दोघं एकाच घरात नांदतात. पहिले दोन निकाल घ्या आणि विचारा, यातला कोण कोणाला त्रास देतोय? दोन्ही पॅटर्नना झू-सान-ली आणि ताय-चोंग हे बिंदू कुठे बसतात, हे तुम्हाला कोर्समध्ये शिकवलेलं आहेच.

मग एक टिक काढून बघा. सगळ्यात कमी खात्रीची. क्रम बदलला तर तो निकाल नाही, तो पुढचा प्रश्न आहे. परत पेशंटकडे जायचं.

यंत्रापेक्षा माणूस पक्का, असंही समजू नका. अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत चिनी वैद्यकात प्रशिक्षित वैद्यांनी तेच रुग्ण स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा त्यांचं पॅटर्नवर एकमत एक-तृतीयांशाच्या आसपासच झालं. म्हणून मी मैत्रिणीकडून तोच पेशंट वेगळा तपासून घेते आणि मगच दोन्ही फॉर्म शेजारी ठेवते. भांडण बहुतेक वेळा जिभेवरून होतं.

बिंदू सुचवणारा भाग उघडण्याआधी गर्भारपणाचा रकाना भरलाय ना ते बघा. ह-गू आणि सान-यिन-जियाओ हे बिंदू गर्भारपणात परंपरेनंच टाळतात, पण विचारलं नाही तर यंत्र ते पहिल्या ओळीत देईल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. आणि वनौषधींचे काढे सुचवणारा रकाना सरळ झाकून टाका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत ‘फांग-जी’ नावाच्या एका वनस्पतीऐवजी सारख्याच नावाची दुसरी गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. नावाच्या गोंधळातून एवढं होऊ शकतं, आणि सॉफ्टवेअर नावांवरच चालतं.

सहावी पायरी: छापील कागद

निकालाचं प्रिंटआउट पेशंटला देऊ नका. मी दिलं होतं. त्यावर ‘प्लीहा दुर्बल’ वाचून एक गृहस्थ घाबरले आणि पोटाची सोनोग्राफी करून आले. प्लीहा उत्तम होती. चिनी वैद्यकातली प्लीहा म्हणजे पचनाचा सगळा कारभार, पोटात डावीकडे असलेला तो अवयव नव्हे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सोनोग्राफीचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, पण सहा महिने टोमणे मारले. आता मी साध्या मराठीत दोन ओळी लिहून देते: पचन मंदावलंय, ताणानं बिघडतंय, एवढं एवढं करा.

नाव, फोन आणि जिभेचे फोटो परदेशातल्या सर्व्हरवर जात असतील तर पेशंटची संमती लेखी घ्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आता आहे. मी नावाऐवजी वहीतला नंबर टाकते, फोटोत फक्त जीभ.

तीन-चार बैठकींनंतर फॉर्म पुन्हा भरायचा, जुना झाकून. जुना समोर असला की हात आपोआप त्याच चौकोनांकडे जातो. काकूंचा दुसरा फॉर्म मी जूनच्या अखेरीस भरला. पाऊस लागला होता, घाम थांबला होता, तळपायाची आग तेवढी राहिली होती. तिच्यासाठी साखर तपासायला पाठवलं. घामाच्या ओळीपुढच्या शेऱ्यात लिहिलं: पंखा नातवाकडे.